नोकरीशोधाच्या प्रकल्प नोंदी : रिक्रूटरांशी कामाचे संबंध

९ जानेवारी २०२५

आज गुरुवार, म्हणजे भोसरी एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी. पुढचे काही महिने याच वारी नोकरीशोधाचे काम करायचे ठरवून ही नोंदवही सुरू करत आहे. सप्लायर क्वालिटीत, म्हणजे पुरवठादारांच्या मालाची गुणवत्ता सांभाळण्याच्या कामात, नऊ वर्षे काढल्यावर चाकण किंवा तळेगाव भागातील एखाद्या टियर-१, म्हणजे वाहन कंपन्यांना थेट सुटे भाग पुरवणाऱ्या, कंपनीत जायचे आहे. मुलाखतीची तांत्रिक तयारी वेगळ्या वहीत आहे. येथे फक्त रिक्रूटरांशी होणारा व्यवहार नोंदवायचा : कोणाशी काय बोलणे झाले, काय ठरले आणि पुढची हालचाल कोणाकडून अपेक्षित आहे.

सुरुवातीलाच माणसांची वर्गवारी करून ठेवतो. काही रिक्रूटर कंपनीच्याच पगारावर असतात आणि त्यांच्या हुद्द्यात ‘टॅलेंट ॲक्विझिशन’ असे शब्द असतात. काही कन्सल्टन्सीत काम करतात आणि अनेक कंपन्यांसाठी माणसे शोधतात. काही स्टाफिंग कंपन्यांचे असतात. तेथे काम एका कंपनीत आणि पगार दुसऱ्या कंपनीकडून, म्हणजे थर्ड पार्टी पे-रोल. फोनवर तिघेही ‘सर, एक ओपनिंग आहे’ अशीच सुरुवात करतात, म्हणून पहिल्या दोन मिनिटांतच विचारून घ्यायचे, की आपण कोणत्या बाजूने बोलत आहात आणि नेमणूक कोणाच्या पे-रोलवर आहे.

या तिघांपैकी कोणीही उमेदवाराचा प्रतिनिधी नसतो. कन्सल्टन्सीला पैसे कंपनी देते, आणि तेही उमेदवार रुजू झाल्यावर. प्रचलित दर वार्षिक सीटीसीच्या (कंपनीचा कर्मचाऱ्यावरचा एकूण वार्षिक खर्च) ८.३३ टक्के, म्हणजे ढोबळमानाने एका महिन्याचा पगार. रुजू झालेला माणूस ठरलेल्या मुदतीत, बहुतेक करारांत ९० दिवसांत, सोडून गेला तर कन्सल्टन्सीला त्याच फीमध्ये दुसरा उमेदवार द्यावा लागतो. ही व्यवस्था ठाऊक असली की ‘रिक्रूटरने माझ्यासाठी काही केले नाही’ ही चाकणच्या प्रत्येक कॅन्टीनमध्ये ऐकू येणारी तक्रार निरर्थक वाटू लागते. त्याला कंपनीसमोर चार नेमके उमेदवार ठेवायचे असतात; त्यांच्यात आपले नाव ठेवणे त्याला सोपे जावे, एवढेच आपल्या हातात आहे.

१३ जानेवारी

नोकरी डॉट कॉमवरील प्रोफाइल अद्ययावत केले. रिक्रूटर तेथे शब्द टाकून शोधतो आणि मग अनुभव, ठिकाण, पगार, नोटीस पिरियड व उमेदवार अलीकडे कधी सक्रिय होता यांच्या चाळण्या लावतो. त्यामुळे हेडलाइनमध्ये ‘मेहनती व जबाबदार अभियंता’ असे काही न लिहिता ‘सप्लायर क्वालिटी, पीपॅप, एपीक्यूपी, एमएसए, आयएटीएफ १६९४९, मशिन्ड पार्ट’ असे शोधात सापडणारे शब्द घातले (पीपॅप म्हणजे नवा पार्ट ग्राहकाकडून मंजूर करून घेण्याची पद्धत, एपीक्यूपी म्हणजे गुणवत्तेचे आगाऊ नियोजन, एमएसए म्हणजे मोजमाप पद्धतीची तपासणी आणि आयएटीएफ १६९४९ म्हणजे वाहन उद्योगाचे गुणवत्ता मानक). व्हीडीए ६.३ चे, म्हणजे जर्मन वाहन उद्योगाच्या प्रोसेस ऑडिट मानकाचे, प्रशिक्षण मुद्दाम वर आणले, कारण चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने असल्याने जर्मन कंपन्यांना माल पुरवणाऱ्यांकडे त्याची विचारणा होते. चालू कंपनीला प्रोफाइल दिसू नये म्हणून तिचे नाव ब्लॉक केले. रोज सकाळी सीव्हीतला एक पूर्णविराम काढून संध्याकाळी परत घालणारे लोक माझ्या माहितीत आहेत. त्यांच्या शिस्तीबद्दल आदर आहे. मी मात्र आठवड्यातून एकदा काही खरा बदल असेल तरच हात लावणार आहे.

१६ जानेवारी

आज एक पानी माहितीपत्रक तयार केले. प्रत्येक रिक्रूटर तेच प्रश्न विचारतो आणि आपण प्रत्येक वेळी फोनवर थोडे वेगळे उत्तर देतो, यातून दोन्ही बाजूंचा वेळ जातो आणि आकडेही जुळत नाहीत. पत्रकात चालू सीटीसी फिक्स्ड (ठरलेला भाग) आणि व्हेरिएबल (कामगिरीनुसार मिळणारा भाग) अशी फोड करून दिली आहे, अपेक्षा एका आकड्याऐवजी किमान ते कमाल अशा पट्ट्यात लिहिली आहे, आणि नोटीस पिरियड ६० दिवसांचा असून बायआउटची (पैसे भरून नोटीसचे दिवस कमी करण्याची) तरतूद नियुक्तीपत्रात आहे, असे स्पष्ट नमूद केले आहे. राहणे मोशीला असल्यामुळे चाकण, तळेगाव व भोसरी चालेल. रांजणगाव कंपनीची बस असेल तरच. पहिल्या पाळीत शॉप फ्लोअरवर फोन उचलता येत नाही, म्हणून दुपारी १२.३० ते १ किंवा संध्याकाळी ५ नंतर बोलता येईल, हेही लिहिले.

नोकऱ्यांच्या तारखा रिलीव्हिंग लेटर आणि ईपीएफओची सर्व्हिस हिस्टरी यांच्याशी ताडून घातल्या. ऑफर मिळाल्यानंतर होणाऱ्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये नेमके हेच पाहतात, आणि तेथे महिन्याचा जरी फरक निघाला तरी खुलासा करण्याची वेळ आपल्याआधी रिक्रूटरवर येते.

काय द्यायचे नाही, हेही ठरवले. आधार आणि सॅलरी स्लिपा निवड पक्की होत आल्याशिवाय द्यायच्या नाहीत. दुबार उमेदवार ओळखण्यासाठी काही कंपन्यांच्या पोर्टलवर पॅन क्रमांक लागतो. तो कंपनीचे नाव कळल्यावरच द्यायचा. ओटीपी कोणालाही नाही.

२३ जानेवारी

चिंचवडच्या एका कन्सल्टन्सीतून फोन आला. दुपारी बोलणे झाले आणि ते मराठीत झाले, ही आजची पहिली समाधानाची बाब. जागा टियर-१ कंपनीत सप्लायर क्वालिटीची, चाकण फेज-२.

“सर, पीपॅप आणि एपीक्यूपी, दोन्ही केलंय ना तुम्ही?” मॅडमनी विचारले. प्रश्न जेडीवरून, म्हणजे पदाच्या वर्णनपत्रावरून, वाचलेला होता, हे उघड होते.

“हो मॅडम. पण तिकडच्या मॅनेजरनी तुम्हाला उलट विचारलं, की कोणत्या लेव्हलपर्यंत केलंय, तर काय सांगाल?”

“ते मला खरंच नाही सांगता येणार.”

मग मी सांगितले, की लेव्हल ३ म्हणजे पार्ट सबमिशन वॉरंट (पार्ट ग्राहकाच्या अटींत बसतो असे जाहीर करणारे पत्र), नमुन्याचे पार्ट आणि त्यांच्यासोबत मोजमापांपासून कंट्रोल प्लॅनपर्यंतचा सगळा आधार ग्राहकाकडे सादर करणे. मी हे मशिन्ड हाउसिंग आणि शाफ्ट यांच्यासाठी केले आहे. कास्टिंगच्या पुरवठादारांकडे फक्त ऑडिट केले आहे, तेथला पीपॅप दुसऱ्या विभागाकडे होता. मॅडमनी ते लिहून घेतले आणि म्हणाल्या, “कास्टिंगचं आधीच सांगितलंत ते बरं झालं, नाहीतर मी दोन्ही लिहिलं असतं.” संध्याकाळी हेच चार वाक्यांत लिहून त्यांना पाठवले. रिक्रूटर आपल्या विषयातला नसतो आणि त्याने असावे अशी अपेक्षाही चुकीची आहे, पण हायरिंग मॅनेजरसमोर पहिल्यांदा आपल्याबद्दल बोलणारा तोच असतो. त्याने काय बोलावे हे आपण लिहून दिले नाही, तर तो जेडीतली वाक्येच परत वाचून दाखवणार.

सीव्ही पाठवण्याची संमती मेलवर मागितली गेली, त्यात कंपनीचे नाव व पद होते. संमती दिली आणि कोणाला कधी संमती दिली याच्या तक्त्यात तारीख लिहिली.

३० जानेवारी

तक्ता लगेच उपयोगी पडला. नोएडाहून हिंदीत फोन आला. वर्णन ऐकताना जागा तीच असावी अशी शंका आली, म्हणून कंपनीचे नाव विचारले. आधी ‘एक मोठी जर्मन एमएनसी’ असे उत्तर मिळाले. नाव कळल्याशिवाय सीव्ही पुढे पाठवू नये, असे मी नम्रपणे सांगितल्यावर नाव कळले, आणि ते चिंचवडच्या मॅडमनी पाठवलेल्या कंपनीचेच निघाले. या पदासाठी २३ तारखेलाच दुसऱ्या कन्सल्टन्सीला संमती दिली आहे, असे सांगून त्यांचे आभार मानले आणि माझ्या क्षेत्रातली दुसरी जागा असेल तर जरूर कळवा म्हणून माहितीपत्रक पाठवले.

एकच उमेदवार दोन कन्सल्टन्सींकडून आला तर बहुतेक कंपन्यांचे पोर्टल आधी आलेली नोंद धरते आणि नंतरची नाकारते. काही ठिकाणी फीचा वाद नको म्हणून उमेदवारच बाजूला ठेवला जातो. ‘जास्त लोकांनी पाठवले तर बरेच’ असे मानणाऱ्यांना हा भाग कोणी सांगत नाही. आजच्या नकाराने त्या गृहस्थांचा दिवसभराचा वेळ वाचला, आणि संभाषणाच्या शेवटी त्यांचा आवाज सुरुवातीपेक्षा मोकळा होता, हे नोंदवून ठेवतो.

६ फेब्रुवारी

आखातातील नोकरीसाठी ‘रजिस्ट्रेशन फी’ मागणारा फोन आला. कंपनीचे नाव विचारल्यावर बोलणे प्रक्रियेवर, व्हिसावर आणि ‘जागा भरत आल्या आहेत’ यावर वळले. देशातल्या नोकरीसाठी कन्सल्टन्सीची फी कंपनी भरते. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते आणि नोंदणीकृत एजंटांची यादी ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येते. त्या यादीत हे नाव नव्हते. क्रमांक ब्लॉक केला. अशा ठिकाणी संबंध जपण्याचा प्रश्न येत नाही.

१३ फेब्रुवारी

चाकणच्या कंपनीत मुलाखत झाली. गुरुवार मागितला होता आणि तो मिळाला. कंपनीची सुट्टी रविवारी असल्याने मॅडमना त्यासाठी दोनदा फोन करावा लागला, म्हणून नाशिक महामार्गावरच्या वाहतुकीचा विचार करून तासभर आधी पोहोचलो.

संध्याकाळी मॅडमना सविस्तर मेल केला. बोअरच्या मापात आलेल्या रिजेक्शनचा ८-डी (आठ टप्प्यांत दोषाचे कारण शोधून उपाय करण्याची पद्धत) कसा केला यावर बराच वेळ गेला, प्रोसेस ऑडिटमध्ये पुरवठादाराने तफावत मान्य केली नाही तर काय करता असे विचारले, आणि प्लांटच्या एचआरने पगाराचा विषय काढल्यावर मी माहितीपत्रकातला पट्टाच सांगितला, असे तिन्ही मुद्दे लिहिले. कंपनीकडून त्यांना एकच बाजू कळते आणि तीही बहुधा ‘ठीक वाटला, बघू’ एवढीच. दुसरी बाजू हातात असेल तर त्या पाठपुरावा करताना नेमका प्रश्न विचारू शकतात. शिवाय याच पदासाठी त्या आणखी उमेदवार पाठवणार, आणि मुलाखतीत काय विचारतात हे कळल्याने त्यांचे पुढचे काम सोपे होणार. ते उमेदवार माझे स्पर्धक आहेत, हे मला कळते. तरीही हा मजकूर पाठवावा, असे माझे मत आहे, कारण या शहरात क्वालिटीच्या जागा त्याच त्या कन्सल्टन्सींच्या हातून जातात आणि मी पुढेही याच शहरात नोकरी करणार आहे.

२५ फेब्रुवारी

काही उत्तर नाही. मुलाखतीनंतर आठवड्याने एक मेल, त्यानंतर आणखी काही दिवसांनी एक छोटा संदेश, एवढेच केले. ‘काही अपडेट?’ असे विचारण्याऐवजी संदेशात नवे काहीतरी असावे, हा नियम पाळला : व्हीडीए ६.३ चे प्रमाणपत्र स्कॅन करून जोडले, आणि अन्य एका ठिकाणी पहिली फेरी झाल्याचे खरे ते कळवले.

मॅडमचा दुपारी फोन आला. हायरिंग मॅनेजर जर्मनीला गेले आहेत आणि पद थांबवलेले नाही, एवढेच त्यांना माहीत होते, आणि तेवढेच त्यांनी सांगितले. रिक्रूटर गप्प असतो तेव्हा बरेचदा त्याच्याकडेच सांगण्यासारखे काही नसते : बजेटची मंजुरी अडकलेली असते, आतला माणूस बढतीने त्या जागेवर बसवायचा की नाही हे ठरत नसते, किंवा पहिल्या पसंतीच्या उमेदवाराने होकार देईपर्यंत दुसऱ्याला ताटकळत ठेवलेले असते. हे शेवटचे कारण कोणी तोंडाने बोलत नाही. नकारसुद्धा न कळवण्याची पद्धत मात्र वाईटच आहे आणि तिचे समर्थन मी करणार नाही; तिच्यावरचा व्यवहार्य उपाय म्हणजे एका जागेवर विसंबून न राहता दोन-तीन ठिकाणी काम चालू ठेवणे.

६ मार्च

आजची नोंद पगाराची आहे, आणि या सगळ्या व्यवहारात सर्वांत जास्त गैरसमज येथेच होतात.

चाकणच्या कंपनीचा होकार आला. मॅडम म्हणाल्या, “सर, १४ पर्यंत जातील ते. पुढे ताणलं तर अवघड होईल.” त्या खरे बोलत होत्या की नाही, यापेक्षा त्यांचे हित कोठे आहे हे पाहावे. १४ लाखांवर ८.३३ टक्के म्हणजे १,१६,६२० रुपये. मी ताणून १५ लाख मिळवले तर फी १,२४,९५० होईल, म्हणजे कन्सल्टन्सीला ८,३३० रुपये जास्त. पण ताणण्यात व्यवहार मोडला तर सगळेच गेले. माझ्यासाठी मात्र तो फरक वर्षाला एक लाखाचा आहे. म्हणून व्यवहार लवकर पक्का व्हावा याकडे कन्सल्टंटचा कल असणारच, त्यात फसवणूक नाही. त्यांच्याकडून माहिती घ्यायची आणि आकडा आपण ठरवायचा.

माहिती म्हणजे फोड. मी आकड्यावर काहीच न बोलता सीटीसीचे ब्रेक-अप मागितले. १४ लाखांत व्हेरिएबल १० टक्के म्हणजे १,४०,००० रुपये, बेसिक ४० टक्के म्हणजे ५,६०,०००, त्यावर कंपनीचा पीएफ १२ टक्के म्हणजे ६७,२०० आणि ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के म्हणजे २६,९३६. हे वजा जाता महिन्याला ९७,१५५ रुपये उरतात. त्यातून माझा पीएफ ५,६०० आणि व्यवसाय कर २०० गेले, की आयकरापूर्वी ९१,३५५. दुसऱ्या ठिकाणी १३.५ लाखांची तोंडी बोली आहे. तेथे व्हेरिएबल नाही आणि पीएफ कमाल वेतनमर्यादेवर, म्हणजे महिना १,८०० रुपयेच कापतात. त्याच पद्धतीने हिशेब केला तर तेथे आयकरापूर्वी १,०६,५३५ हाती येतात. सीटीसी ५०,००० ने कमी आणि हातात महिन्याला १५,००० जास्त. यातला काही भाग पीएफमध्ये जमा न होणारी रक्कम आहे, म्हणजे तो निव्वळ फायदा नव्हे, आणि व्हेरिएबल पूर्ण मिळाले तर फरक आणखी कमी होतो. तरीही गृहकर्जाचा हप्ता हातात आलेल्या पैशांतूनच जातो.

हा तक्ता मॅडमना जसाच्या तसा पाठवला, दुसऱ्या कंपनीचे नाव वगळून. मागणी एकच ठेवली : सीटीसी १४.५ लाख करावी आणि वाढीव रक्कम फिक्स्डमध्ये घालावी. ‘मला अजून हवे’ हे वाक्य रिक्रूटर पुढे नेऊ शकत नाही. तक्ता नेऊ शकतो.

१८ मार्च

१४.५ लाखांना मान्यता मिळाली, लेखी ऑफर बाकी.

दरम्यान लिंक्डइनवरून तळेगावच्या एका कंपनीच्या टॅलेंट ॲक्विझिशनमधल्या बाईंशी संपर्क झाला. कंपनीतल्या रिक्रूटरशी बोलणे वेगळ्या वळणाचे असते : फीचा प्रश्न नसतो, घाईही कमी असते, पण पगाराच्या ग्रेडबाहेर जाण्याची मोकळीक त्यांना नसते. त्यांनी जागा जुलैत निघेल असे स्पष्ट सांगितले. मीही माझी ऑफर जवळ आली आहे, हे स्पष्ट सांगितले.

२७ मार्च

लेखी ऑफर आली, होकार कळवला.

त्यानंतरचा सगळा वेळ इतर ठिकाणी कळवण्यात गेला. १३.५ लाखांची बोली आणणाऱ्या कन्सल्टंटला फोन केला, मेल नव्हे, कारण त्यांनी दोन फेऱ्या घडवून आणल्या होत्या. ते नाराज झाले आणि त्यांनी ते लपवले नाही. कारण विचारल्यावर कामाचे स्वरूप हे खरे कारण दिले, पगार असे खोटे सांगितले नाही. तसे सांगितले असते तर ते कंपनीकडून आकडा वाढवून आणण्यासाठी आणखी धडपडले असते आणि मला पुन्हा नाहीच म्हणावे लागले असते. तळेगावच्या बाईंना आणि नोएडाच्या गृहस्थांनाही दोन ओळी पाठवल्या.

३ एप्रिल

काल राजीनामा दिला. आमच्या विभागप्रमुखांनी अपेक्षेप्रमाणे पगारवाढीची बोली केली आणि ‘पाडव्याच्या मुहूर्तावरच जायचं ठरवलंस होय?’ असे विचारले. बोली नाकारली. मॅडमना आज राजीनाम्याच्या स्वीकृतीचा मेल पाठवला, कारण उमेदवाराने राजीनामा दिल्याचे सांगितले आणि प्रत्यक्षात तो कंपनीत काउंटर ऑफर घेऊन बसला, हा त्यांच्या धंद्यातला नेहमीचा फटका आहे. ६० दिवसांपैकी एकही दिवस कमी होणार नाही, हेही कळवले.

२२ मे

नोटीस पिरियडमध्ये मॅडमचे फोन अधूनमधून येतात : व्हेरिफिकेशनची कागदपत्रे मिळाली का, शेवटचा दिवस तोच आहे ना. कित्येक उमेदवारांना ही पाळत वाटते. फी रुजू झाल्यावर मिळते हे लक्षात घेतले तर फोनांमागचे कारण स्वच्छ आहे, म्हणून फोन येण्याआधीच पंधरवड्याने एक ओळ पाठवत गेलो. व्हेरिफिकेशन एकाही प्रश्नाशिवाय पार पडले.

१२ जून

३ जूनला रुजू झालो. चालू आर्थिक वर्षात आधीच्या कंपनीकडून मिळालेल्या पगाराचा फॉर्म १२बी नव्या कंपनीत दिला, म्हणजे मार्चमध्ये कराचा बोजा एकदम येणार नाही. आधीच्या कंपनीचा अंतिम हिशेब बाकी आहे.

मॅडमनी काल विचारले, की टूल रूममध्ये फिक्श्चर (मशीनवर पार्ट पकडून ठेवणारी साधने) डिझाइन करणारे कोणी माहीत आहे का. आधीच्या कंपनीतल्या एका सहकाऱ्याला आधी फोन करून विचारले. तो तयार झाला, तेव्हा त्याचा क्रमांक दिला आणि सोबत त्याच्या कामाबद्दल तीन वाक्ये लिहिली : कोणत्या मशीनसाठी फिक्श्चर केली, कोणते सॉफ्टवेअर वापरतो, आणि नोटीस किती. पगाराचा आकडा लिहिला नाही. तो त्याने सांगायचा.